डाव्या बाजूचं बटण

संजू,

पंचनाम्यात लिहिलंय की तू टेम्पोखाली गेलास. गाव म्हणतं, हेडफोनमुळं गेलास. हवालदारानं कागद पुढं केला तेव्हा मी मुकाट सही केली. गावाला जे म्हणायचं होतं तेही मी नऊ दिवस म्हणू दिलं. दहाव्या दिवशी नाही म्हणू दिलं. ते पुढं सांगतो. आधी ते सांगतो जे तुला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि तिसऱ्या कुणालाच नाही.

तू पंधरा वर्षांचा होतास, मी एकोणीस. अण्णा जाऊन दोन वर्षं झाली होती. घरात बाप नाही म्हणून बापाचा हात मी आपल्याच खांद्याला जोडून घेतला होता. उठता बसता तुला मारायचो. पाणी भरलं नाही म्हणून, गणितात कमी पडले म्हणून, उलट बोललास म्हणून. शेजारीपाजारी म्हणायचे, थोरल्याचा धाक हाय म्हणून धाकटा सरळ हाय. मला ते ऐकायला बरं वाटायचं.

त्या दिवशी आई पेरणीआधीचा राब भाजायला, पालापाचोळा जाळायला, वरच्या शेतावर गेली होती. मी एमआयडीसीतून सुट्टीवर आलो होतो. कंत्राटावरच्या पहिल्या पगारातून घेतलेला मोबाईल चार्जिंगला लावून मी ओढ्यावर आंघोळीला गेलो. परत आलो तर तू पडवीत वर्तमानपत्र पसरून त्यावर मोबाईलचे तुकडे मांडले होतेस. एकेक स्क्रू वेगळा, ओळीनं. हातात स्पीकर होता, शर्टाच्या बटणाएवढा. तू मान वर करून हसलास आणि म्हणालास, "दादा, हे बघ, एवढ्याशातून एवढा आवाज येतो!"

मी मारली. उजव्या हाताची, पूर्ण ताकदीनं, पंजा उघडा. तू खांबावर जाऊन आपटलास. मी परत उचलला हात, पण तू रडत नव्हतास म्हणून थांबलो. तू कानावर हात धरून बसला होतास, आणि बोटांच्या फटीतून रक्त येत होतं. पातळ, पाणी मिसळल्यासारखं. मी म्हणालो, "नाटकं करू नको." तू म्हणालास, "दादा, शिट्टी वाजतेय."

आई आली तोपर्यंत शर्टाची कॉलर लाल झाली होती. तिनं विचारलं तेव्हा मी गप्प राहिलो. मी काय सांगणार होतो ते मला आजही माहीत नाही. तू सांगितलंस. म्हणालास, "पाखऱ्यानं शिंग मारलं."

आईनं गोठ्याच्या दाराचा अडसर काढला आणि पाखऱ्याला मारायला सुरुवात केली. मुक्या जनावराला खुंट्याला बांधून मारत होती. त्याच्या नाकाडावर, पाठीवर, डोळ्याच्या वर. तो फिरत होता, दावं आवळत होतं, आणि तरी तिला शिंग दाखवत नव्हता. आपण दोघं पडवीत उभे होतो. तू माझ्याकडं बघत होतास. मी एक शब्द बोललो असतो तर ते थांबलं असतं. त्याच आठवड्यात तिनं बैल विकला.

महाडच्या डॉक्टरांनी तुझ्या कानात बॅटरी मारून बघितलं, मग गालाकडं बघितलं. आई बाहेर बाकावर होती. ते तुला म्हणाले, "बैलाला बोटं असतात का रे?" तू म्हणालास, "शिंगाचेच वळ हायेत." डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि चिठ्ठी लिहायला घेतली. पडदा फाटला होता. मिटलाही असता कदाचित, पण तू आठवड्याभरात ओढ्यात उतरलास, कानात पाणी गेलं, आणि पुढचे दोन पावसाळे तो कान वाहत राहिला. त्यानंतर डाव्या बाजूला जवळजवळ काही उरलं नाही. मुंबईला नेऊन ऑपरेशन करायचं ठरत राहिलं आणि राहून गेलं.

मी त्या दिवसानंतर तुझ्यावर हात उचलला नाही. बारा वर्षं. मला वाटायचं, एवढं केलं की फिटलं.

तू आयटीआय केलंस, माझ्यामागून एमआयडीसीजवळ बिरवाडीला आलास, इन्स्ट्रुमेंटच्या कामाला लागलास. एका खोलीत आपण सहाजण. तिघे पाळीवर गेले की तिघे झोपायचे, त्यामुळं खोलीत रेडिओ लावायची सोय नव्हती. कामगारांच्या त्या सगळ्या खोल्यांमध्ये प्रत्येकाच्या कानात काहीतरी असायचंच. तुझ्याकडं मात्र तो मोठा काळा हेडफोन आला, कान पूर्ण झाकणारा, मुंबईच्या कुणाकडून तरी जुना घेतलेला. मोबाईलला लावला तर आवाज कुठल्या कुठं, जणू शेजारच्या वाडीत कुणीतरी गातंय. तू म्हणालास, "हेडफोन दणकट हाय, मोबाईलमध्ये दम नाय. मध्ये दम भरणारा कुणीतरी पायजे."

मग तू तो डबा केलास. पेपरमिंटच्या गोळ्यांचा पत्र्याचा डबा, सदऱ्याच्या खिशात मावणारा. आत आठ पायांची काळी चिप, नऊ व्होल्टचा चौकोनी सेल, केसासारख्या तारा. रविवारभर सोल्डरचा धूर काढत बसायचास आणि प्रकाश ओरडायचा, "अरे संज्या, कंपनीत धूर खातो तो कमी हाय का?" प्रकाशला तू नंतर तसाच एक करून दिलास. समोरच्या खोलीतल्या दोघांनाही. पण त्यांच्या डब्यांना एकेकच बटण होतं. तुझ्याला दोन. उजव्या बाजूचं वेगळं, डाव्या बाजूचं वेगळं. उजवं तू जरासं फिरवायचास आणि डावं शेवटापर्यंत.

मला तो डबा बघवायचा नाही, संजू. तुला वाटायचं, मला गाण्याचं वेड नाही म्हणून. तसं नव्हतं. तू डावं बटण फिरवायला लागलास की माझा उजवा तळहात गरम व्हायचा. खरंच व्हायचा. तू अंगठ्यानं ते फिरवत, फिरवत शेवटापर्यंत न्यायचास, आणि मी मनात मोजायचो, एवढं मी फोडलं, एवढं मी फोडलं.

आणि एका रविवारी सकाळी तू मला खोलीमागच्या मोकळ्या जागेत नेलंस. हेडफोनच्या दोन्ही कपांवर तू एकेक माईक बसवला होतास, मसूरच्या डाळीएवढा. डब्यावर एक छोटा खटका होता, एका बाजूला मार्करनं 'ग' लिहिलेलं, दुसऱ्या बाजूला 'र'. ग म्हणजे गाणं, र म्हणजे रस्ता. र वर टाकलं की डावीकडचा आवाज डाव्या कानात, उजवीकडचा उजव्या. तू डोळे मिटून उभा राहिलास आणि म्हणालास, "दादा, कुठूनपण टाळी वाजव."

मी तुझ्या उजवीकडं वाजवली. तू बोट दाखवलंस. मागं जाऊन वाजवली, तू वळलास. मग मी चपला काढून, पाय न वाजवता तुझ्या डाव्या बाजूला आलो, हातभर अंतरावर, आणि हळूच टाळी वाजवली. तू झटकन डावीकडं वळून नेमकं माझ्या छातीकडं बोट केलंस. डोळे मिटलेलेच. आणि हसलास. "कळलं रे! बारा वर्षांनी कळलं आवाज कुठनं आला ते! एका कानाला सगळं एकाच बाजूनं येतं, दादा. तुला नाय कळायचं ते. कुणी हाक मारली तरी मी उजवीकडंच बघतो."

मी तुला शाबासकी दिली नाही. "मला पाळीला जायचंय," म्हणालो आणि निघून गेलो. त्या दिवशी माझी पाळीच नव्हती. मी बिरवाडीच्या टोकाच्या पुलापर्यंत चालत गेलो आणि पुलाच्या कठड्यावर उजव्या हाताची मूठ मारली, दोनदा. सूज आली तेव्हा कंपनीत सांगितलं, व्हॉल्व्ह उघडताना लागलं. खोटं बोलायला मी तुझ्याकडूनच शिकलो म्हणायचं. पण तू दुसऱ्यासाठी बोलायचास.

एक गोष्ट मात्र चांगली आठवते, आणि ती लिहिली नाही तर तू म्हणशील दादाला फक्त मारामाऱ्या आठवतात. गौरीच्या सुट्टीत आपण पोलादपूरहून घरी कापड्याला चालत निघालो होतो. गाडी मिळाली नव्हती. वाटेत तू माझ्या डोक्यावर हेडफोन चढवलास आणि डबा माझ्या खिशात टाकलास. आदल्या रात्रीचा जाखडी नाचाचा सामना तू त्या दोन माईकांनी मोबाईलमध्ये भरून घेतला होतास, बरोबर मधोमध उभा राहून. डावीकडं शक्तीवाले, उजवीकडं तुरेवाले. मृदंग अंगात घुसत होता. नाचणाऱ्यांच्या पायातल्या चाळांचा आवाज डावीकडून उजवीकडं गोल फिरत गेला तेव्हा मी खरोखर मान वळवली, आणि तू टाळ्या पिटत हसलास. मी चालत होतो, हिरव्या भाताच्या मधून, आणि माझ्या डोक्यात शंभर माणसं नाचत होती. चढावर मला दम लागला. तू माझी बॅग घेतलीस. घर येईपर्यंत तू हेडफोन परत मागितला नाहीस, आणि मी दिला नाही. एवढं सुख मला कुणी दिलं नव्हतं आणि मी तुला तेही सांगितलं नाही.

मग सोयरिकीसाठी माणसं आली.

माझं जमत नव्हतं म्हणून आई म्हणाली होती, धाकट्याचं होतंय तर होऊ दे. मुलीचे वडील आणि मामा कापड्याला आले. मी तुला बजावलं होतं, ते डोक्यावरचं काढून ठेव. तू गळ्यात अडकवूनच चहा घेऊन आलास. मुलीच्या वडिलांनी विचारलं, हे काय. तू त्यांना सगळं दाखवलंस. ग आणि र, दोन बटणं, माईक. ते कौतुकानं बघत होते, मग म्हणाले, "डाव्या बाजूचं बटण एवढं का फिरवायचं?" तू म्हणालास, "डावा कान बाद हाय माझा. लहानपणी बैलानं मारलं." आई म्हणाली, "जन्मापासूनचं नाय हो," आणि ते म्हणाले, "नाय नाय, तसं काय नाय." चार दिवसांनी नकार आला.

बिरवाडीला परतल्यावर मी तुला बोलायला सुरुवात केली. काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. शेवटी म्हणालो, "हे खोगीर डोक्यावर घालून बसतोस म्हणून जगाला कळतं. लपवायची अक्कल नाय तुला."

तू जेवत होतास. घास खाली ठेवलास. "मी कशाला लपवू? माझं काय चुकलंय? लपवतोस तू."

खोलीत प्रकाश होता. त्याला काही कळलं नसेल, पण मला वाटलं सगळ्या बिरवाडीनं ऐकलं. मी तुझ्या गळ्यातून हेडफोन ओढला. वायर तुझ्या मानेला घासत गेली, लाल रेघ उठली. जमिनीवर टाकून त्यावर पाय दिला. कप फुटल्याचा आवाज कोंबडीचं हाड मोडल्यासारखा आला. डबा तुझ्या खिशात होता, तो मी खिसा फाडून काढला आणि दाराला लावायचा दगड उचलून त्यावर घातला. एकदा, दोनदा, पत्रा चपटा होईपर्यंत. सेल फुटून काळं काहीतरी बाहेर आलं.

आणि तू उठलास. बारा वर्षांत, नाही, सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा तू मला मारलंस. जेवणाचा स्टीलचा डबा माझ्या भुवईवर बसला. मला दिसेना, रक्त डोळ्यात गेलं. मी तुझा गळा धरला. तू माझं डोकं भिंतीवर आपटलंस. मी तुझ्या दंडाला चावलो, संजू, कुत्र्यासारखा चावलो. आपण दोघं सांडलेल्या आमटीत लोळत होतो आणि दोघांच्याही तोंडून शब्द येत नव्हता, नुसते हुंकार. प्रकाशनं बादलीभर पाणी ओतलं अंगावर तेव्हा सुटलो.

तू भिंतीला टेकून धापा टाकत होतास. म्हणालास, "तेव्हा मी लहान होतो म्हणून खोटं बोललो. मला वाटलं तू सांगशील. पाखऱ्याला मारत होती तेव्हा वाटलं, आता सांगशील. बारा वर्षं झाली. मला कान नको, माफी नको. एकदा आईला सांग."

मी म्हणालो, "नाय सांगणार."

"मग मी पण इथं नाय राहणार."

तू बॅग भरलीस आणि कापड्याला निघून गेलास. कंपनीत कापणीची रजा टाकलीस. माझ्या भुवईला चार टाके पडले. आज सांगतो, ते टाके घालताना मला बरं वाटत होतं. तू मला मारलंस याचं मला एवढं हलकं वाटत होतं की मी कंपाउंडरला म्हणालो, भुलीचं इंजेक्शन नको, तसंच शिव.

फुटलेला हेडफोन आणि डबा मी टाकले नाहीत. पिशवीत घालून खाटेखाली ठेवले. दहा दिवसांनी तुझा फोन आला. आवाज साधाच होता. "दादा, तो डबा प्रकाशकडं देऊन पाठव. चिप वाचली असंल, माईक तर नक्कीच. जोडून घेतो. त्याच्याशिवाय रस्त्यावर भंजाळल्यासारखं होतं."

मी म्हणालो, "पायजे तर स्वतः ये घ्यायला."

तू म्हणालास, "बरं."

प्रकाश दुसऱ्याच दिवशी तिकडं जाणार होता. पिशवी खाटेखाली होती. वाकून काढायची, एवढंच काम होतं.

त्याला नऊ दिवस झाले आणि पोलादपूरच्या बाजारादिवशी तू आईसाठी सुकट आणि गुडघ्याचं तेल घेऊन चालत घरी निघालास. भर दुपार. त्या वळणावर डाव्या हाताला चढावर वडापावची टपरी आहे, तिथं चिऱ्यांनी भरलेला टेम्पो उभा होता. ड्रायव्हर चहा पीत होता. हँडब्रेक सुटला. गाडी बंद, त्यामुळं इंजिनाचा आवाज नाही. नुसती चाकं फिरायला लागली, उतारावरून मागं मागं, रस्त्याकडं.

हे मला टपरीवाल्या मावशींनी सांगितलं. तिसऱ्या दिवशी मी तिथं गेलो होतो. चिरे अजून रस्त्याकडेला पडलेले होते, काही फुटून लाल भुकटी झाली होती. मी मावशींना विचारलं, "त्याच्या कानात काय होतं का?"

"नाय हो, काय नव्हतं," त्या म्हणाल्या. "मोकळे होते कान. मी बोंबलले ना, 'अरे पोरा बाजूला हो' म्हणून. ड्रायव्हरपण बोंबलला. त्यानं ऐकलं. ऐकलं म्हणजे काय, दचकला चांगला. पण बघितलं पलीकडं. आम्ही हिकडनं ओरडतोय आणि तो बघतोय उजवीकडं, तिथं कोण नाय. तिकडनं गाडी येतीय असं वाटलं काय की त्याला. म्हणून हिकडं सरकला. सरळ टेम्पोच्या अंगावर आला हो. मी डोळे मिटले." त्या पदर तोंडावर धरून म्हणाल्या, "चिरे सगळे अंगावर आले. सुकटीची पिशवी तेवढी हातात होती धरलेली."

मी तिथंच खाली बसलो. मला मावशींनी पाणी दिलं. त्यांना वाटलं, भावाच्या दुःखानं बसला.

तू ऐकलंस, संजू. ऐकून उजवीकडं बघितलंस, कारण तुझ्या डोक्यात सगळं जग उजवीकडं होतं. कान मी फोडला. त्याच्यावर तू केलेला इलाज मी दगडानं फोडला. उरलेसुरले तुकडे मागितलेस, तेही दिले नाहीत. टेम्पो एकदाच आला. मी तीनदा आलो.

आणि गावात काय चाललं होतं? "हेडफोन घालून चालत होता." जो तो तेच. तुझ्या डोक्यावर तो नेहमी बघितलेला, त्यामुळं कुणाला शंकाही आली नाही. भेटायला येणारा प्रत्येकजण आपल्या पोराला माझ्यासमोर दम देत होता, बघ, कानात घालून फिरतोस, संजूदादाचं काय झालं बघ. मी मान हलवत होतो. मला ते सोयीचं होतं.

दहाव्याला नदीवर सगळे जमले. माझं डोकं अर्धं भादरून झालं होतं, नाभिकाचा वस्तरा कानामागं होता. दगडूकाका, अण्णांचे चुलतभाऊ, ज्यांनी तुझ्या मयताची सगळी धावपळ केली, ते मागं कुणाशी तरी बोलत होते. "पोरगा हुशार होता, पण त्या खेळण्यानं खाल्लं त्याला. मी चारदा सांगितलं होतं, फेकून दे ते. ऐकायचाच नाय. बहिऱ्याला कशाला पायजेत गाणी?"

मी उठलो. वस्तरा कानामागं लागला, ते नंतर कळलं. मी काकांना धोतराच्या सोग्याला धरून खेचलं आणि तोंडावर ठोसा मारला. ते खडकावर पडले. मी छातीवर बसलो आणि मारत राहिलो. साठ वर्षांच्या माणसाला. मला त्यांचं तोंड दिसत नव्हतं. मी ओरडत होतो, "कान मोकळे होते त्याचे! मोकळे होते!" चारजणांनी मला ओढून काढलं तेव्हा काकांच्या तोंडातून रक्त येत होतं आणि ते नुसते बघत होते माझ्याकडं, रागानं नाही, घाबरून. पाखऱ्या बघायचा तसे. पिंड तसाच पानावर होता. कावळा खडकावर बसून बघत होता, आणि शिवत नव्हता. लोक म्हणाले, इच्छा राहिली पोराची. कुणीतरी म्हणालं, "लग्नाची असंल." शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं.

घरी आलो तेव्हा आईला बातमी आधीच पोचली होती. ती अंगणात होती. झोडणी अर्धवट राहिलेली, भाताच्या पेंढ्या तशाच. माझ्या कानामागचं रक्त बघून ती फडकं घेऊन आली, आणि मी तिचा हात धरला.

"दगडूभावजींना का मारलंस रे?"

"ते खोटं बोलत होते."

"मग खरं काय हाय?"

मी सांगितलं, संजू. मोबाईलपासून सुरुवात केली. पडवीतला खांब, शिट्टी, डॉक्टर, पाखऱ्या. मुलीकडची माणसं गेल्यावर बिरवाडीत काय झालं ते. दगड. फोन. खाटेखालची पिशवी. टपरीवाल्या मावशी काय म्हणाल्या ते. तिनं मध्ये एकदाही थांबवलं नाही. पाखऱ्याचं ऐकताना तिनं स्वतःच्या दोन्ही हातांकडं बघितलं, पालथे करून, परत उलटे करून. मला वाटत होतं ती मारेल. मी वाट बघत होतो. झोडायची काठी तिच्या पायाशी पडली होती.

सगळं संपल्यावर तिनं एवढंच विचारलं, "त्यानं काय मागितलं होतं तुझ्याकडं?"

"तुला सांग म्हणाला. एवढंच."

"एवढंच?"

"एवढंच."

ती खाली बसली. बराच वेळ पेंढीतले दाणे ओरबाडून काढत राहिली. मग म्हणाली, "तुला नाय मारणार रे मी. मारामारी पुष्कळ झाली या घरात. मी पण केली, बिनकसुराच्या जनावराला केली." आणि थांबून, "तेराव्यापर्यंत राहा. लोकं येतील. जे मला सांगितलंस ते तेराव्याला सगळ्यांसमोर सांग, दगडूभावजींच्या पाया पडून सांग. माझ्या पोराला कोण खेळण्यापायी मेला म्हणायला नको. मग जा बिरवाडीला. मी बोलवीन तेव्हा ये. नाय बोलवलं तर येऊ नको."

तेराव्याला सांगितलं. पंगत बसायच्या आधी, उभा राहून. काकांचा ओठ अजून सुजलेला होता. पाया पडलो तर त्यांनी पाय मागं घेतले, आणि म्हणाले, "आमच्या पडू नको. त्याच्या पडायचं होतंस." मग पानावर बसले आणि जेवले. तुझ्यासाठी जेवले, माझ्यासाठी नाही.

आज मी बिरवाडीच्या खोलीत बसून हे लिहितोय. प्रकाश पाळीवर आहे. आईचा फोन आलेला नाही, येईल असंही नाही. कधीकधी मी डाव्या कानात कापूस कोंबून बाजारात जातो, तुला कसं वाटत असेल ते बघायला. लोक हाक मारतात आणि मी भलतीकडं बघतो. मग घाबरून कापूस काढतो. तुला तो काढता येत नव्हता.

तुझी क्षमा मागायला मी हे लिहिलं नाही. ती तू नको म्हणाला होतास. तू जे मागितलंस तेवढं करून झालं, आणि ते तुला कळवायचं होतं. बारा वर्षं उशीर झाला आणि वर जवळजवळ महिना.

चौदाव्या दिवशी सकाळी मी निघालो तेव्हा आई दारात आली नाही. चूल पेटलेली होती, धूर दिसत होता. चहाला कुणी बोलावलं नाही, मीही थांबलो नाही. बॅग खांद्याला लावून पायवाट उतरलो, डांबरी रस्त्याला लागलो, तेव्हा मागून तिचा आवाज आला. बांधावर उभी होती, पदर खोचलेला. मला वाटलं, परत बोलावतेय.

"कडेनं जा रे," ती ओरडली. "गाड्या बघ."

मी कडेनं गेलो.